हात वर

डोकं दुखतंय म्हनून दोन वर्षांत दोन चष्मे केले.
एक तासगावात, एक सांगलीत.
कानशील तरी उजवंच ठणकायचं,
कानामागनं वर चढायचं
आन् भुवईपाशी येऊन बसायचं, भाडं थकलेल्या मालकागत.
मीठ-मोहऱ्या झाल्या. तडतडल्या बऱ्या.
हसीना म्हनली, दात असंल.
दात काढला.
दात चांगला होता.

मग मिरज. मगदूम डॉक्टरीण.
माझ्या थोरलीपेक्षा फारतर दोन वर्सांनी मोठी.
डोक्याला हात सुदीक लावला न्हाई.
इचारलं, काम काय करता?

काम म्हंजे विरळणी. मनेराजुरीच्या बागा.
मांडव डोक्यावर टीचभर,
घड खाली लोंबत्यात, मान वर.
घडातले निम्मे मणी कात्रीनं पाडायचे
उरलेले फुगावेत म्हनून.
सकाळी आठला हात वर जात्यात,
भाकरीला खाली येत्यात,
परत वर.
रातच्याला झोपेतबी बोटं चालू असत्यात, नवरा सांगतो.

ती माझ्या मागं हुबी ऱ्हायली.
खांद्याचं मांस चिमटीत धरलं,
जसा मी घड धरते, देठापासनं,
आन् बोटं फिरवत फिरवत
एका मण्यावर थांबली.
दाबलं.

कानशिलात कळ उठली.
तीच. दोन चष्म्यांची, एका दाताची.
"हीच का?"
डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हनून न्हाई.
पत्ता इचारत इचारत कुनीतरी
बरोब्बर आपल्या दारात आलं, म्हनून.

गाठ खांद्यात हाय, ओरडतीया डोक्यात, ती सांगाय लागली.
म्हनलं, बाई, हे मला ठावं हाय.
मांडवाची तार हितं वढली
की सहा खांब सोडून पान हलतंय.
पान हललं म्हनून
पानाला कोन बांधून ठेवतं?

सुई बारीक. औषध चमचाभरबी न्हाई.
"हलू नका," म्हनली.
मी न्हाई हलले.
खांदा आपला आपन उडाला,
कातडीखाली कुनी दचकून जागं झाल्यागत.
"उडाला! बरोबर लागलं," ती म्हनली,
पोरगी खूश झाली.
परत आत, जरा तिरकी. परत उडाला, जरा कमी.
तिसऱ्यांदा
नुसता गरम गरम पसारा, आन् शांत.

कापूस दाबत म्हनली, आठ दिस हात वर करायचे न्हाईत.

मला हसू आलं.
गेल्या साली पमाबाई स्टुलावरनं पडली,
मनगट मोडलं,
तवा मुकादमानं हात वर केले.
बागवाल्यानंबी केले.
कुनाचा खांदा धरला न्हाई त्यात.

येताना यष्टीत उभं ऱ्हावं लागलं.
वरची दांडी धरायची न्हाई,
मग खालच्या शिटाला धरून कवलापूरपतोर हिंदकळत आले.
कानशिलाला सारखा हात लावून बघत होते.
कुनी न्हाई तिथं.
घर रिकामं झाल्यावर आवाज घुमतो, तसं कायतरी.

आठ दिस कसले. चौथ्या दिशी टेम्पोत बसले.
पहाटेचं धुकं, दिवा न्हाई,
नऊ बायका गुडघ्याला गुडघा लावून.
हसीनाचा खांदा जवळच होता.
चिमटीत धरला, बोट फिरवलं, थांबले.
"या अल्ला," ती म्हनली, "हीच!"
मग तिनं यल्लूबाईचा बघितला,
यल्लूबाईनं पुढचीचा.
टेम्पो खड्ड्यातनं चाललाय,
आन् कन्हणं हसणं एकातच.

मणी सगळ्यांचा सापडला, एकाच जागी, उजव्या खांद्यात.
जतच्या तायव्वाचा तेवढा डावा.
डावखुरी हाय ती.